क्रिसांताकाकींच्या तेहातेचा फेस

आमच्या वायापाम गावात तेहाते हे फेसाळ पेय करणाऱ्या बायका घरोघरी आहेत. मका, कोको, मामेफळाची बी आणि रोसिताची वाळलेली फुलं वाटायची, त्याचा गोळा पाण्यात हाताने घुसळायचा, की वर फेस येतो. येतो सगळ्यांचाच, टिकायचा तो क्रिसांताकाकींचा. चार बोटं जाड, साईसारखा. सकाळी वर ठेवलेलं फूल दुपारपर्यंत बुडत नसे. म्हणूनच संत आंद्रेसच्या उत्सवाची मोठी मातीची परात चाळीस वर्षं त्यांच्याच अंगणात भरत आली.

त्या वर्षी ऑक्टोबरात त्यांचा फेस बसायला लागला. वर यायचा छान, पण बाजारात जाऊन बसेपर्यंत पाणी खाली उतरायचं आणि वर नुसती भोकाभोकांची जाळी राहायची.

"काकी, आज फेसाने रजा घेतली वाटतं," गिऱ्हाइकं म्हणायची.

काकींनी आधी पाण्याला दोष दिला, मग मका शिजवताना घालायच्या राखेला. शेवटी नजर गेली सुनेकडे. रागीट माणूस परातीपाशी उभं राहिलं की फेस मरतो, असं आमच्याकडे मानतात. आणि यादिराच्या कपाळाला जन्मजात आठी.

"मी घुसळत असताना तू अंगणात यायचं नाही," काकींनी तिला बजावलं.

यादिरा मागे धुण्याच्या दगडापाशी जाऊन बसू लागली. गल्लीतल्या बायका आपापल्या परातींवर फडकी टाकू लागल्या, ती जाताना दिसली की. फेस तरी बसतच राहिला. एकदा आमच्या दोन घरांमधल्या भिंतीवरून यादिरा मला म्हणाली, "ताई, माझी नजर आता भिंतीतूनही पलीकडे जाते का हो?"

उत्सवाच्या चार दिवस आधी मी काकींचं भांडं परत द्यायला गेले. त्या मामेच्या बिया तव्यावर भाजत होत्या, नेहमीसारख्या हातानेच परतत. बोलता बोलता त्यांचं बोट तव्याच्या काठावर टेकलं आणि तिथेच राहिलं. कातडी जळाल्याचा वास मला आला, त्यांना नाही. मी हात ओढला तेव्हा त्यांनी त्या फोडाकडे परक्याच्या बोटाकडे बघावं तसं बघितलं आणि हात एप्रनखाली घेतला.

मग दुसऱ्या हाताने पाट्यावरचं वाटण चिमटीत चोळून म्हणाल्या, "झालं बघ. अगदी गंध."

मी चिमूटभर घेतलं. रवाळ होतं, बोटांत वाळू लागावी तसं.

"काकी, भरड आहे हे."

"तुझ्या कॉलेजात तेहाते शिकवत होते होय गं?"

"तेहाते नाही, पण फेस थोडासा शिकवला. बारीक कण बुडबुड्यांच्या भिंतींना चिकटून बसतात, मधलं पाणी झिरपायला वाटच ठेवत नाहीत. जाड कण आपल्याच वजनाने तळाला जातात. मग पाणीही त्यांच्यामागून उतरतं, बुडबुडे कोरडे पडतात आणि फुटतात. यात कुणाच्या आठीचा काही संबंध नाही."

काकी वरवंटा पुसू लागल्या.

"आधी पाय बधिर झाले, मग बोटं," त्या हळूच म्हणाल्या. "दवाखान्यातली बाई म्हणाली, साखरेमुळे. कुणाला सांगू नकोस. बोटं गेली म्हटलं तर परात माझ्याकडे कोण ठेवेल?"

"आणि यादिराचं काय? तिला बघून बायका परात झाकतात."

त्या पुन्हा वाटायला लागल्या. मी घरी आले.

उत्सवाच्या सकाळी अंगणात दहा-बारा बायका जमल्या. काकी पाट्यापाशी गुडघ्यांवर बसून वाटत होत्या. मागून धुणं आपटल्याचा आवाज येत होता. काकी थांबल्या.

"यादिरा, इकडे ये."

ती ओल्या हातांनी आली आणि परातीपासून चार पावलं लांब उभी राहिली.

"बघ गं, झालं का हे?"

"मी कशाला? माझ्या आठीने बसेल सगळं."

"आठी राहू दे. बोटं दे. माझ्या बोटांना आता कळत नाही." काकी हे सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. बायकांचे हात थांबले.

यादिराने हात पुसले, वाटण चोळलं. "नाही झालं, आई. वाळू आहे."

"सासूला असं सांगतात का?" एक बाई म्हणाली.

"मी तिला विचारलंय, तुला नाही," काकी म्हणाल्या आणि पुन्हा वाटू लागल्या.

दुसऱ्यांदा यादिरा नाही म्हणाली. तिसऱ्यांदाही.

"मुद्दाम करतेस तू," काकी म्हणाल्या.

"थोडं मुद्दाम. महिनाभर धुणं धुतलंय मी."

काकी खुदकन हसल्या आणि वरवंट्यावर भार देऊन आणखी एक फेरी वाटलं. चौथ्यांदा यादिराने चिमूट चोळली, होकाराची मान हलवली आणि पाण्याची घागर उचलली. काकींचे हात कोपरापर्यंत परातीत, आणि ही वरून बारीक धार धरून उभी. फेस चढला. फूल ठेवलं. आम्ही सगळ्या त्या फुलाकडे बघत बसलो.

चर्चमधली प्रार्थना संपेपर्यंत ते हललं नव्हतं.

पहिली वाटी रिवाजाप्रमाणे उत्सवाच्या यजमानाला गेली. दुसरी, तुंब्याची, लाल रंगाची, काकींनी काठोकाठ फेस घालून यादिरापुढे धरली. ती तिथेच परातीपाशी उभी राहून प्यायली. वरच्या ओठावर पांढरी मिशी उमटली. कपाळावरची आठी होती तशीच होती, आणि समोर परातीतला फेसही.