तलावातला रोवणा

मला धानातलं कळतं, हे मी कॉलेजात गेल्या गेल्या सगळ्यांना सांगून टाकलं होतं. कोणी विचारलं नव्हतं. पण मी एकोडीची, घरी पिढ्यान्‌पिढ्या धानाची शेती, आणि भंडाऱ्याच्या कॉलेजात माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांना बांधी म्हणजे धानाचं वावर, हेसुद्धा समजावून सांगावं लागायचं. अशा ठिकाणी तोंड बंद ठेवणं माझ्या स्वभावात नाही.

राष्ट्रीय सेवा योजनेत मी नाव घातलं ते काही सेवेच्या ओढीनं नव्हे. भाड्याच्या खोलीची मालकीण दर रविवारी मला टाकी घासायला लावायची, त्यातून सुटका हवी होती. ती झाली. त्याऐवजी मी दर रविवारी तलाव घासायला लागले.

वरठीच्या पुढं एक गाव आहे, त्या गावचा तो तलाव. मासेमारी करणाऱ्या घरांतल्या बायकांनी एक गट केला होता आणि तलावाकाठची बेशरमाची झुडपं काढायचं काम हाती घेतलं होतं. आम्ही बारा-पंधरा पोरं-पोरी दोन ऑटोंत कोंबून तिथं जायचो, मदतीला. म्हणजे आम्ही मदत करायचो असं आमच्या सरांच्या अहवालात असायचं. प्रत्यक्षात बायका आम्हाला चहा करून द्यायच्या, कोणाच्या पायाला शंख लागला तर हळद लावायच्या, चिखलात रुतलेली चप्पल शोधून द्यायच्या, आणि उरलेल्या वेळात बेशरम काढायच्या.

गटाची पुढारीण एक मावशी होती. साठीची, बारकी, पाण्यात उतरली की कमरेपर्यंत भिजलेली आणि तोंडानं अखंड चालू. पोरांना ती एका नजरेत ओळखायची. मला पहिल्याच दिवशी म्हणाली, "तू लय बोलते. पर हात बी चालते तुहे. ठीक हाय." हे प्रशस्तिपत्रक मी आठवडाभर मिरवलं.

मावशीचं खरं काम बेशरमाचं नव्हतं. बेशरम काढणं ही नुसती साफसफाई होती. तिला तलावाचा एक कोपरा हवा होता. पूर्वी तलावात पाणवनस्पती असायच्या, त्यांच्या आडोशाला गावठी मासे अंडी घालायचे. मग मत्स्यसंस्थेच्या पुरुषांनी बाहेरून बीज आणून सोडायला सुरुवात केली, गवतात जाळं अडकतं म्हणून गवत काढून टाकलं, आणि गावठी मासे दिसेनासे झाले. मावशी म्हणायची, "मासोळीले घर पायजे का नाई? उघड्यावर कोन बाळंत होते?" हा मुद्दा ती संस्थेच्या प्रत्येक बैठकीत दाराशी उभी राहून मांडायची आणि प्रत्येक वेळी पुरुष हसायचे.

त्या वर्षी कसं कोण जाणे, संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, लावून पाहा तुमचं गवत एका कोपऱ्यात. श्रावणात आम्ही येऊन बघू. लागलं तर कोपरा बायकांचा. नाही लागलं तर हे नाव पुन्हा काढायचं नाही. मावशीनं ते ऐकलं आणि त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचेना.

आता माझ्या पराक्रमाकडे येते.

आमच्या परीक्षा आल्या म्हणून दोन रविवार आम्ही गेलो नाही. तिसऱ्या रविवारी गेलो तर काठावर एकही बाई नाही. रोवण्याचे, म्हणजे धान लावणीचे दिवस, सगळ्या मजुरीनं दुसऱ्यांच्या बांध्यांवर. मावशी पलीकडच्या गावी तेरवीला गेलेली. फोनवर म्हणाली, "पाळीवरचा बेशरम काढा आन् घरी जा." पाळ म्हणजे तलावाचा बांध. आम्ही तासाभरात पाळ साफ केली. त्या दिवशी सरही नव्हते, म्हणजे गटप्रमुख मी. आणि गटप्रमुखाला तासाभरात घरी जाणं शोभतं का?

मी पाण्याच्या कडेनं फिरून पाहणी केली. (पाहणी हा शब्द मी तेव्हा स्वतःबद्दल वापरत असे.) एका कोपऱ्यात, गुडघाभर पाण्यात, हिरवं काहीतरी उभं होतं. जवळ जाऊन पात पाहिली, बूड पाहिलं आणि मला आनंदच झाला. जंगली धान! आमच्या बांधीत हा निघाला की बाबा एकेक ठोंब शोधून उपटतात, कारण त्याची लोंबी कापायच्या आधीच झडते आणि पुढच्या वर्षी दुप्पट उगवतो. दुसऱ्या कोणाला तो ओळखू आला नसता. भंडाऱ्याच्या पोरांना तर गवत आणि धान यातला फरक मीच शिकवलेला.

"हे निंदण आहे, तण," मी जाहीर केलं. "मुळासकट उपटायचं. वरून तोडाल तर याद राखा."

एक पोरगा, फार्मसीची प्रवेश परीक्षा देऊन कंटाळलेला, म्हणाला, "पण मावशीनं तर फक्त पाळीवरचं..."

"तुला धानातलं कळतं का मला?"

तो पँट दुमडून पाण्यात उतरला. दोन तासांत आम्ही तो कोपरा आरशासारखा केला. काठावर ढीग घातला, ढिगामागं बॅनर धरून फोटो काढला आणि तो तलावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. खाली मी लिहिलं, 'तण निर्मूलन, शंभर टक्के'. सोबत इमोजी, तीन हाताचे पंजे आणि एक तिरंगा.

पाचव्या मिनिटाला मावशीचा फोन आला.

"बाई, ते पुढं ढीग कायचा हाय?"

"जंगली धान होता मावशी, सप्पा साफ केला."

पलीकडं तेरवीच्या पंगतीचा आवाज मागं पडला; ती फोन घेऊन बाहेर आली असावी.

"देवधान होय तो," मावशी म्हणाली. "बुधवारी लावला आमी. टोपल्यानं डोक्शावर आनला, दोन कोसावरून."

देवधान! दर ऋषिपंचमीला आई साकोलीच्या बाजारातून देवधान आणते. बैलानं नांगरलेलं त्या दिवशी खायचं नसतं, म्हणून तो तलावातला भात. जन्मापासून मी तो खात आले. तो उभा असताना कसा दिसतो, हे मात्र मी एकदाही कोणाला विचारलं नव्हतं. 

मावशी तासाभरात आली, कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसून. मला वाटलं, आता शिव्या. शिव्या परवडल्या असत्या. ती ढिगाजवळ बसली, एक काडी उचलून मूळ दाबून पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "येत्या रविवारी येनार हायेत ते पायाले."

मी रडकुंडीला आले, पण माझ्यातली शेतकऱ्याची पोरगी जागी होती. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटूनच तर लावतात! मुळं ओली असली तर लागतात. मी सगळ्यांना ढीग पाण्यात बुडवायला लावला, मेलेल्या काड्या वेगळ्या केल्या आणि म्हणाले, आत्ताच्या आत्ता पुन्हा लावायचं. बायका सगळ्या रोवण्याला. हात होते ते आमचेच.

मग त्या तलावात जे झालं ते मी घरी कधीच सांगितलं नाही. फार्मसीवाला तीनदा पाण्यात बसला. एका मैत्रिणीनं मूळ वर आणि पात खाली अशा सात-आठ काड्या मोठ्या निष्ठेनं लावल्या. कोणी चार काड्या रोवून सेल्फी घेऊ लागला. हे बघून माझं डोकं सटकलं. मी दोरी मागवली, दोन खुंट्या ठोकल्या आणि बाबा करतात तशी ओळ आखून दिली. एक वीत अंतर, एका जागी तीन काड्या, दोरीबाहेर हात जाता कामा नये.

मावशी कमरेवर हात ठेवून बघत होती. "तलावात दोरी?"

"ओळीत लावलं की लागते मावशी."

"बरं बाई," ती म्हणाली. तिच्याकडं वाद घालायला वेळ नव्हता.

चार वाजेपर्यंत कोपरा भरला. तलावात देवधानाच्या सरळ ओळी, एकामागं एक. असं दृश्य त्या तलावानं कधी पाहिलं नसावं. मला मनातून थोडा अभिमानही वाटला, खोटं कशाला बोलू.

तो आठवडा मी कॉलेजात नावालाच होते. सकाळची बस धरायची, तलावावर जायचं, पात पाहायची, धावत परत यायचं. सोमवारी पिवळी. मंगळवारी जास्त पिवळी. बुधवारी मी घाबरून बाबांना फोन केला आणि 'एका मैत्रिणीचा रोवणा' म्हणून सल्ला विचारला. बाबा म्हणाले, "पिवळा तं पडतेच. बुडाशी पाय, पोंगा निघाला का." शुक्रवारी मी पाण्यात वाकून बघितलं आणि बुडाशी हिरवा कोवळा पोंगा होता. एक नाही, पुष्कळ. मी तिथंच मोठ्यानं ओरडले. पलीकडं म्हशी धुणारा माणूस दचकला.

रविवारी संस्थेचे पुरुष आले. पाच-सहा जण, पुढं अध्यक्ष. आमचे सर इस्त्रीचा शर्ट घालून आलेले. बायका एका बाजूला उभ्या, मावशी सगळ्यांच्या मागं. ती सकाळपासून पदराखाली काहीतरी चाचपत होती.

अध्यक्षांनी पाण्याकडं पाहिलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"अरे बाप्पा! हे ओळी कोनं आखल्या?"

सरांनी अभिमानानं माझ्याकडं बोट दाखवलं. "आमच्या विद्यार्थिनीनं. शेतकऱ्याची मुलगी आहे."

"याले म्हंते पद्धत," अध्यक्ष बाकीच्यांकडं वळून म्हणाले. "शास्त्राचं काम हाय हे. बायकाईनं लावलं असतं तं कुठी बी खुपसून देल्लं असतं." पुरुषांनी माना हलवल्या. एकानं तर मोबाइल काढून ओळींचा फोटो घेतला. "लागला हाय चांगला. द्या कोपरा. कॉलेजवाले पायतात म्हनल्यावर काही चिंता नाई."

 मी पुढं झाले. "काकाजी, बायकाईनंच आनला होता आन् त्याहिनंच लावला होता. मी निंदण समजून उपटून टाकला. मंग घाबरून परत लावला."

अध्यक्ष मोठ्यानं हसले. "पाय, शिकलेल्या पोरी कशा असतात! मोठेपना घेतच नाई."

"मी खरं बोलून राहिली काकाजी!"

"हो ना बेटा, हो."

सरही हसले. मी तिसऱ्यांदा तोंड उघडलं तोच कोपराला एक कचकचीत चिमटा बसला. मावशी माझ्या मागं येऊन उभी होती. मला बाजूला सारून ती पुढं गेली, पदराखालून गटाचं रजिस्टर काढलं आणि अध्यक्षांसमोर धरलं. "लिवून द्या मंग आत्ताच्या आत्ता. कोपरा बायकाईचा."

अध्यक्षांनी लिहून दिलं. पुरुषांच्या सह्या झाल्या. त्यात एक ओळ होती, 'महाविद्यालयाच्या मार्गदर्शनाखाली'. मावशीनं ती वाचली. तिला वाचता येत होतं, आमच्या सरांपेक्षा बारीक अक्षर वाचता येत होतं. तिनं खाली सही केली.

पुरुष गेले. सर अहवालासाठी फोटो काढायला पाळीवर चढले. मी मावशीवरच भडकले. इतका राग मला कधी आला नव्हता, आणि तो नेमका कोणावर आला होता ते मला कळत नव्हतं.

"काहून गप केलं मले? तुमचं सप्पा काम माह्या नावावर गेलं!"

"जाऊ दे."

"असं कसं जाऊ दे? तुमी एवढे वर्षं सांगून राहिल्या..."

"माही आजी बी सांगे," मावशी म्हणाली. रजिस्टर तिनं पुन्हा पदराखाली खोचलं. "माय बी सांगे. कोनी आयकलं नाई. तुह्या दोरीचं आयकलं." आणि ती चक्क हसली.

मला हसू आलं नाही. मला लाज वाटली, आणि रडू आलं, सगळ्या पोरांदेखत.

"रडू नोको," मावशी म्हणाली. तोवर दोन बायका ओल्या देवधानाचं नवं टोपलं घेऊन पाण्याशी आल्या होत्या. "हे मधात मधात लाव. ओळ दिसली नाई पायजे. मासोळी काय परेड कराले येनार हाय?"

मी पाण्यात उतरले. मावशी काठावरून बोट दाखवत होती, इकडं, तिकडं, त्याच्या पलीकडं, आणि ती दाखवेल तिथं मी एकेक काडी लावत गेले.