विजयाताई आणि पुसली गेलेली डिस्क

विजयाताईंची आणि माझी पहिली भेट २००४ साली, अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या ऑफिसात झाली. मी नागपूरहून वर्क व्हिसावर नुकताच आलो होतो. ताई आमच्या टेस्टिंग विभागाच्या प्रमुख होत्या. जोडलेले हार्डवेअर ऑपरेटिंग सिस्टिम नीट ओळखते का, हे तपासणे आमचे काम. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावले होते, "जी डिस्क आधी सापडेल तिला सिस्टिम पहिला नंबर देते. उद्या दुसरी आधी सापडली की नंबर बदलतो. म्हणून नंबरावर जाऊ नकोस, पार्टिशनला, म्हणजे डिस्कच्या भागाला, आपण दिलेलं लेबल वाच." मी मान डोलावली आणि विसरलो.

आमच्या एका मशीनमध्ये दोन डिस्क होत्या. एक रोज पुसून तिच्यावर नवी सिस्टिम घालायची. दुसरीवर वर्षभराच्या चाचण्यांच्या नोंदी. पुसण्याची स्क्रिप्ट, म्हणजे त्यासाठीचा छोटा प्रोग्राम, माझी होती आणि ती नंबरावरच चाले. एका सकाळी मशीनमध्ये डिस्क जोडण्याचे नवे कार्ड बसवले, डिस्कचे नंबर उलटले आणि नोंदींची डिस्क पुसली गेली. बॅकअप दोन महिन्यांपूर्वीचा. नोकरी गेली तर व्हिसाही जाणार. कोणी पाहिले नव्हते, गप्प बसावे असेही क्षणभर वाटले. मग उठलो आणि ताईंकडे गेलो.

"ताई, नोंदींची डिस्क माझ्याकडून पुसली गेली."

"त्यानंतर मशीनला हात लावलास?"

"नाही."

"छान. आता कोणालाच लावू देऊ नकोस."

त्या लगेच कामाला लागल्या. डिस्कचा कोणता भाग कुठे आहे ते सांगणारा पार्टिशनचा तक्ता नव्याने लिहिला गेला असला तरी खालची माहिती बरीचशी शाबूत होती. जुने पार्टिशन कुठून सुरू होत होते ते शोधण्यात त्यांचे दोन दिवस गेले. तीन आठवडे सोडून सगळ्या नोंदी परत मिळाल्या.

मीटिंगमध्ये मॅनेजरांनी विचारले, "ही स्क्रिप्ट कोणाची?" मी तोंड उघडणार तोच ताई म्हणाल्या, "लिहिली यानं, तपासून पास केली मी. रिपोर्टमध्ये दोघांची नावं घाला." माझी नोकरी टिकली. ताईंचे प्रमोशन मात्र त्या वर्षी लांबले. त्याबद्दल त्यांनी आजवर चकार शब्द काढलेला नाही.

गेलेल्या तीन आठवड्यांच्या चाचण्या आम्ही दोघांनी पुढच्या शनिवारी-रविवारी पुन्हा केल्या. ताईंनी मेथीचे पराठे आणले होते. मी पुन्हा माफी मागू लागलो, तशा त्या म्हणाल्या, "अरे, जेव आधी. सॉरी चारदा म्हणून झालंय."

आज मी स्वतः एक छोटी टीम सांभाळतो. गेल्या महिन्यात नव्याने रुजू झालेली एक मुलगी रडवेली होऊन माझ्याकडे आली आणि स्वतःची चूक तिने आपणहून सांगितली. मी तिला बसायला सांगितले, पाणी दिले आणि आधी ऐकून घेतले. हे मी ताईंकडून शिकलो.

ताई साठ वर्षांच्या झाल्या. आजवर टाळलेले गुडघ्याचे ऑपरेशन त्यांनी आता उरकून घ्यावे, हा आम्हा सर्वांचा प्रेमाचा हट्ट. त्यांना उत्तम आरोग्य आणि उदंड आयुष्य लाभो. आमच्यासारख्या धांदरटांना त्यांची अजून पुष्कळ वर्षे गरज आहे.