अस्सल फासे

राजारामपुरीत आमच्या शेजारच्या गृहस्थांनी गोव्याहून खऱ्या कॅसिनोचे फासे मागवले होते. लाल, काचेसारखे आरपार दिसणारे. "बाजारातल्या फाशांवर हात बसत न्हाय, साहेब," असं ते मला ऐकवत. गोवा त्यांनी पाहिला नव्हता. आधी घरी सराव, मग गोवा, असा बेत होता.

सरावासाठी त्यांनी बायकोचं कापड बेतायचं टेबल घेतलं. घर वहिनींच्या शिवणावर चालायचं, पण त्या आता फरशीवर बसून ब्लाउज बेतायच्या. वाऱ्यानं फासे हलतात म्हणून पंखाही बंद असायचा. दोन फाशांची बेरीज सात आली की डाव जिंकला, असा तो खेळ. फाशांवर फुंकर मारून ते म्हणायचे, "आता सात पडणार की." पडायचे तीन, नाहीतर बारा.

एकदा माझ्यादेखत फासे घरंगळत वहिनींच्या कापडावर गेले. वहिनींनी न बघताच ते टेबलावर भिरकावले. सात पडले.

मला हसू आवरेना. गृहस्थांनी मात्र फासे उजेडात धरून तपासले.

"नकली हायत," ते म्हणाले. "कुणीबी टाकलं तरी सात पडतंय."

"मग तुमास्नी का पडत न्हाय?" वहिनींनी कात्री न थांबवता विचारलं.

त्यांनी ते ऐकलंच नाही. अस्सल फासे आता कुठं मिळतील, हे ते मला विचारत होते.