मोरीवर टेकलेला ट्रेलर

भिंगारच्या पुढे माझं छोटं आवार आहे. तिथं माझे दोन ट्रेलर उभे असतात. एक साधा, उंच पाट्याचा, आणि दुसरा लो-बेड. लोखंडी सळया, पाइप, पोती असं काही असलं की साधा काढायचा. पोकलेन, रोलर अशी उंच, अवजड यंत्रं असली की लो-बेड. त्याचा पाटा जमिनीलगत असतो, त्यामुळे यंत्र चढवायला सोपं जातं आणि वरच्या विजेच्या ताराही चुकतात.

गेल्या हंगामात कोपरगावकडच्या एका शेतकऱ्यानं ऊसतोडणीचा हार्वेस्टर घेतला. नगरहून तो थेट उसाच्या फडापर्यंत न्यायचा होता. फोनवर मी यंत्राची उंची विचारली, वजन विचारलं, वाटेत तारा किती लोंबतात तेही विचारलं. म्हणाला, "गावात लई खाली हायेत." साध्या ट्रेलरवर हार्वेस्टर चढवला असता तर त्याचा माथा नक्की तारांना लागला असता. मी लो-बेड काढला.

गावातून अगदी व्यवस्थित निघालो. तारांखालून यंत्र सुटलं तेव्हा बरं वाटलं. पुढं शेताच्या रस्त्याला पाटाच्या चारीवर एक मोरी, म्हणजे छोटा पूल होता, मध्ये उंच आणि दोन्हीकडे उतार. पुढची चाकं पलीकडे उतरली आणि ट्रेलरचं पोट मोरीवर टेकलं. पुढं जाईना, मागं येईना. ज्या खालच्या पाट्यानं तारा चुकवल्या होत्या, त्यानंच आता अडवलं होतं.

शेजारीच ऊसतोड कामगारांच्या कोप्या, बांबू-ताडपत्रीच्या झोपड्या होत्या. आवाज ऐकून बाया-माणसं फडातून बाहेर आली. हातात कोयते, डोक्याला फडकी. मी केबिनमधून उतरून ट्रेलरखाली बघत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "आरं, तू व्हय?"

माझी आत्या. वडिलांची थोरली बहीण.

आमचं गाव शेवगावच्या पूर्वेला, कोरडवाहू. वडील आणि आत्या एकाच टोळीत ऊस तोडायचे. माझं लहानपण अशाच कोप्यांमध्ये गेलं. पुढं वडिलांनी कोयता सोडला, मी ड्रायव्हर झालो, मग ट्रेलर घेतले. आत्या अजून तोडीला जाते हे मला ठाऊक होतं. पण कुठल्या गावाला, कुणाच्या फडात, ते मी कधी विचारलं नव्हतं.

ती बाकीच्या बायांकडे वळून म्हणाली, "भाचा हाय माझा. गाडी त्याची सोताची हाय."

बायांनी ट्रेलरकडे पाहिलं. मग वरच्या यंत्राकडे. मग माझ्याकडे. मला वर बघवेना. तिनं मला ओळखलं नसतं तर बरं झालं असतं, असं मनात आलं आणि त्याचीही लाज वाटली.

"आत्या, हे यंत्र..." मी म्हणालो.

"म्हाईत हाय. मुकादम सांगून गेलाय," ती म्हणाली. "आधी गाडी तर काढू."

त्यांनीच काढली. घमेल्यांनी माती आणली, बांधावरचे दगड आणले, मोरीच्या दोन्ही अंगांना भर घातली, उतार सौम्य केला. मी दगड उचलायला लागलो तर आत्या म्हणाली, "तू गाडीवर बस. आमाला ती न्हाई चालवता येत." मी हळूहळू गाडी पुढं घेतली. आरशात त्या बाया बाजूला उभ्या राहून वाट देताना दिसत होत्या. काही वेळानं त्यांच्याच फडात हार्वेस्टर रॅम्पवरून उतरला.

मुकादम आला. टोळीला दुसऱ्या रानात जायचं होतं. तिथला ऊस आडवा पडून गुंतलेला, यंत्राला न झेपणारा. उभा, सरळ ऊस यंत्राला आणि हा यांना.

"मोकळाच चाललास का?" आत्यानं विचारलं. "आमचा पसारा न्हेशील तिकडं?"

त्याच रॅम्पवरून मग बांबू, ताडपत्र्या, पाण्याचे ड्रम, चुली, कोंबड्यांची खुराडी चढली. वाटेत कुठं चहाला थांबून आत्यासमोर बसायचं धाडस मला झालं नाही.

नव्या रानात कोपी बांधताना मी दोरी धरली. गाठ बसेना. आत्यानं दोरी माझ्या हातातून काढून घेतली. "राहू दे, कापडं खराब व्हतील तुझी." तिनं मला भाकरी-ठेचा दिला आणि वडिलांची तब्येत विचारली. यंत्राचं नाव शेवटपर्यंत काढलं नाही. तिनं दोन शब्द सुनावले असते तर मला घास गिळणं सोपं गेलं असतं.

परतताना शेतकऱ्याचा फोन आला. काम छान झालं म्हणाला, त्यानं माझा नंबर आणखी दोघांना दिला होता. मी बरं म्हणालो. ती कामंही केली. आता गिऱ्हाइकाला तारांबरोबर मोऱ्याही विचारतो, वळणं विचारतो, मगच कोणता ट्रेलर काढायचा ते ठरवतो. त्या फडात कुठली टोळी आहे, एवढं मात्र विचारायला अजून जीभ रेटत नाही.