ब्रेक पॅडची खांदशेकणी

आधी चहा संपवा, मग ऐका. आमच्या घरी ही गोष्ट निघाली की अजून कोणाला ना कोणाला ठसका लागतो. आणि चूक सगळी माझी.

त्या साली आमच्या दारात पहिल्यांदाच बैल नव्हते. जोडी विकून माझ्या मुलाने, सुधाकरने, जुनी कार घेतली होती. पोळा जवळ आला तसे माझे हात शिवशिवायला लागले. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळायचं, ती आमची खांदशेकणी. लग्न होऊन आले तेव्हापासून करत आलेले. आता चोळू कोणाला? सुधाकरला?

नेमके पोळ्याच्या आदल्या दिवशीच कारचे ब्रेक कर्रकर्र करायला लागले. सुधाकर मला घेऊनच मोहाडीला गाडीच्या सामानाच्या दुकानात गेला. दुकानदाराने ब्रेक पॅडचे दोन डबे पुढे ठेवले.

"हे कडक. लय दिवस चालते, पण ओरडते. हे मऊ. लवकर झिजते, पण गाडी बरोबर धरते."

सुधाकर कडककडे पाहत होता. मी दोन्ही हातात घेतले, नखाने खरवडले, बाजारात बैलाचा खांदा चाचपावा तसे.

"मऊच दे बापू. झिजलं तं झिजलं. गाडी थांबली पाहिजे."

"भाऊ, तुमच्यापेक्षा आजीले जास्त समजते," दुकानदार म्हणाला.

तिथेच माझं डोकं फिरलं बघा.

संध्याकाळी डबा उघडला. तळहाताएवढे चार तुकडे, आणि एवढ्या गाडीचा भार यांच्यावर. मग हा खांदाच नाही का? हळद घेतली, तूप घेतलं, पळसाच्या पानाने जिरेपर्यंत चोळलं. वरून पदराने पुसून कुंकवाचं बोट लावलं. सकाळी पॅड बसवताना सुधाकरला कुंकू दिसलं. नव्या वस्तूला कुंकू लागतंच, म्हणून त्याने ते तसंच राहू दिलं. अंगणात गाडी हळूच पुढे-मागे केली, थांबली.

दुपारी मला पोळा दाखवायला त्याने कारमध्ये बसवलं. तलावाच्या पाळीवरून उतार, आणि खाली रस्त्यावर आंब्याच्या पानांचं तोरण. दोन्ही बाजूंना सजलेले बैल. पाटलाच्या मानाच्या जोडीने तोरण तोडायचं, मग पोळा फुटायचा.

"माय, ब्रेक धरून नाही राहिले."

"दाब ना जोरानं."

"दाबूनच राहिलो ना."

त्याने हॉर्न वाजवला, माणसं बाजूला झाली, आणि आमची कार नवरदेवासारखी सावकाश तोरणाखालून गेली. तोरण तुटून पानं काचेवर आली. हातब्रेक ओढला तेव्हा थांबली, तोरणाच्या पल्याड. बैलांना वाटलं, पोळा फुटला. जो तो घराकडे पळाला.

पाटील खिडकीशी आले. "सुधाकर, बैल इकले, पण पहिला मान काही सोडला नाही तू."

सुधाकर उतरून चाकाशी वाकला. "माय, इथं पुरणपोळीचा वास कायचा येऊन राहिला?"

"तुपाचा असंन. खांदशेकणी केली मी."

तो तिथेच मातीत बसला. त्याचे खांदे हलायला लागले. रडतो की काय म्हणून मी घाबरले, तर हसत होता.

तुपाने बैलाचा खांदा कामाला लागतो. हा ब्रेकचा खांदा मात्र कोरडा असला तरच धरतो. हे मला कोण सांगणार होतं? आणि खरं सांगू, मी विचारलं तरी कोणाला?

दुसऱ्या दिवशी पुन्हा मोहाडी. गोष्ट दुकानात आमच्या आधीच पोचली होती.

"आजी, मऊच द्यू का?"

"मऊच दे. पण डबा सुधाकरच्या हाती दे बापू. माह्या हाताले अजून तुपाचा वास आहे."