नोराची बिनपगारी नोकरी आणि रत्नागिरीचे चार दिवस

नोराकडे दोन पत्रं आली होती, आणि शनिवारी दुपारी बाराच्या आत मस्कतला तार करून हो किंवा नाही कळवायचं होतं. गोष्ट १९८६ च्या दिवाळीनंतरची. मी तेव्हा पुण्यात परदेशी लोकांना मराठी शिकवायचे. नोरा आयर्लंडची, बत्तीस वर्षांची, पेशाने शाळामास्तरीण. तिच्या देशात तिला दर वर्षी नव्या करारावर राबवत होते. त्याला कंटाळून ती वर्षभर इकडे आली होती आणि माझ्याकडे मराठी शिकत होती.

मस्कतच्या शाळेचं पत्र टाइप केलेलं होतं. भरघोस पगार, राहायला घर, वर्षातून एकदा मायदेशी जायचं तिकीट. दुसरं पत्र रत्नागिरीजवळ, पावसच्या पुढे असलेल्या एका खेड्यातल्या हायस्कूलचं. दोन वर्षं इंग्रजी शिकवायचं, पगार नाही, राहायला खोली आणि दोन वेळचं जेवण. हे दुसरं पत्र माझ्या ओळखीतून आलं होतं. शाळेच्या समितीचे अध्यक्ष तात्या हे माझ्या वडिलांचे जुने स्नेही. नोराने खेड्यात जावं असं मला मनापासून वाटत होतं, आणि मी ते लपवतही नव्हते. आखातात पैसे मिळतात, इथे माणसं मिळतील, असं मी तिला येताजाता ऐकवायचे. मी स्वतः तिच्याकडून तासाचे पैसे घेत होते, हेही सांगून टाकते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

तिने हो-नाही करत शेवटी म्हटलं, आधी गाव बघते. म्हणून बुधवारी सकाळी आम्ही स्वारगेटवरून एसटीत बसलो.

तेव्हा तिकीट चाळीसेक रुपये होतं आणि प्रवास अख्ख्या दिवसाचा. कराडवरून पाटण, मग कुंभार्ली घाट. घाटात खिडकीशी बसायचं असेल तर पोट रिकामं ठेवा, हा सल्ला आजही लागू आहे. चिपळूणच्या स्टँडवर आम्ही मिसळ खाल्ली. नोराचे डोळे पाण्याने भरले तरी तिने रस्सा दुसऱ्यांदा घेतला. पुढे संगमेश्वरपर्यंत ती वहीत दोन रकाने आखून काहीतरी लिहीत होती. मी डोकावले तर तिने वही मिटली.

रत्नागिरीत मांडवीला हमीदचाचांकडे उतरलो. चाचा जुने दर्यावर्दी, जहाजावरची नोकरी संपवून घराच्या दोन खोल्या प्रवाशांना द्यायचे. चाचीच्या हातचं सुरमईचं कालवण आणि तांदळाची भाकरी अशी होती की मी भाजीपाल्यावर वाढलेली बाई मुकाट्याने बोटं चाटत बसले. चाचांचे दोन्ही मुलगे मस्कतला. नोराला तिथली नोकरी मिळते आहे आणि ती सोडून ती इथे फुकट शिकवायचा विचार करते आहे, हे कळल्यावर चाचांनी तिला पुन्हा विचारून खात्री करून घेतली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाय, फुकटचा काय नसता. कोन ना कोन भरतोच."

मला ते बोलणं व्यापारी वाटलं. मी नोराला त्याचा अर्थ सांगितला, पण हसत सांगितला.

गुरुवारी सकाळच्या एसटीने भाट्याची खाडी ओलांडून पावसला गेलो. तिथून पुढे चालत तासभर, काळ्या-तांबड्या कातळाच्या सड्यावरून. सावली नाही, पाणी सोबत ठेवा. भात कापून झालं होतं, खाली वाडीत मळणी चालली होती. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही.

वेशीवर शाळेची सगळी मुलं रांगेत उभी. नोराच्या गळ्यात अबोलीचा हार पडला. तात्यांनी शाळा दाखवली. पाच खोल्या, दोहोंवरची कौलं फुटलेली. शाळेला सरकारी अनुदान नव्हतं, मुंबईकर मंडळींच्या वर्गणीवर आणि पालक देतील त्या फीवर गाडा चालायचा. दहावीच्या वर्गात बावीस मुलं होती. नोराने त्यांच्याशी इंग्रजीत बोलायला सुरुवात केली तर वर्ग गप्प. तिने मराठीत विचारलं, घाबरलात का? तेव्हा मागच्या बाकावरून एकदम "हो" आलं आणि सगळे हसले. त्या क्षणी मी जिंकले असं मला वाटलं. नोराचा चेहरा उजळला होता.

आता इंग्रजी कोण शिकवतं, असं तिने विचारलं. तात्या म्हणाले, "सुलभाबाई. रजेवर आहेत."

संध्याकाळी ग्रामदेवीच्या देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरलं होतं. कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. गावात काही मोठं कार्य असलं की गुरव देवीसमोर उभं राहून गावाच्या वतीने तिला ते सांगतो, मागणं मागतो, आणि प्रत्येक वाक्यावर जमलेली माणसं "होय महाराजा" म्हणतात. गावचे मानकरी हजर लागतात. मी पुण्याची, मला हे सगळं सुंदर वाटलं आणि त्यापलीकडे काही वाटलं नाही.

गुरव हात जोडून घडाघडा बोलू लागला. "बा देवी महाराजा, ही लेक परमुलखातून तुज्या पायाशी आली हाय. दोन वर्सं ती आमच्या पोरांना इद्या देनार हाय, पैशाची आस न करता. तिचा सबूद तू ऐक, तिची राखन कर." मला शब्द न् शब्द कळला होता. नोराने माझ्याकडे पाहिलं. मी तिला कुजबुजून सांगितलं की तुझ्यासाठी प्रार्थना चालली आहे, तूही म्हण. तिने हात जोडून स्वच्छ आवाजात "होय महाराजा" म्हटलं. एकदा नव्हे, तीनदा. बाया पदराने डोळे पुसत होत्या.

अजून काही ठरलेलं नाही, हे मला तेव्हा मोठ्याने सांगता आलं असतं. पण मला हवं तेच घडत होतं, म्हणून मी गप्प बसले.

शुक्रवारी सकाळी तात्यांच्या ओसरीवर आम्ही पेज खात होतो, तेव्हा पस्तिशीची एक बाई आली. धुवट पातळ, हातात पिशवी. तिने स्वतःच नाव सांगितलं, सुलभा. पिशवीतून हजेरीचं पुस्तक, खडूची पेटी, कपाटाची किल्ली काढून तिने नोरासमोर ठेवली. मग एक जाडी वही. वहीत बावीस मुलांची नावं आणि प्रत्येकापुढे त्याचं काय अडतं ते लिहिलं होतं. कुणाला भूतकाळ जमत नाही, कोण पाठ करतं पण समजत नाही, कुणाला फळ्यावरचं नीट दिसत नाही म्हणून पुढे बसवायचं.

नोराने पानं उलटली, आणि मराठीत विचारलं, "तुमची रजा कधी संपते?"

सुलभाताईंनी तात्यांच्या दाराकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाल्या, "मी रजेवर नाही. काल देवीसमोर तुमचा शब्द झाला, आज मी चार्ज द्यायला आले."

पुढचं मी विचारून विचारून काढून घेतलं. चार वर्षं त्या तिथे शिकवत होत्या, हातात नेमणुकीचा कागद नव्हता. नवरा मुंबईत गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर गावी परत आला आणि तेव्हापासून घर सुलभाताईंच्या तुटपुंज्या पगारावर चाललं होतं. फुकट शिकवणारी परदेशी बाई मिळतेय म्हटल्यावर समितीने त्यांना दिवाळीनंतर येऊ नका असं सांगितलं होतं. त्या रागावल्या नव्हत्या, रडल्याही नाहीत. जाताना नोराला म्हणाल्या, तिसऱ्या बाकावरच्या मुलीला ओरडू नका, ती शाळा सोडेल.

नोरा उठून थेट सड्यावर चालत गेली. मी मागे धावले. तिथे ती मला जे बोलली ते इंग्रजीत बोलली आणि मला ते सगळं पटत होतं, म्हणून जास्त लागलं. काल देवळात तू मला काय बोलायला लावलंस, तुला अर्थ माहीत होता की नव्हता, एवढंच ती परत परत विचारत होती. मला माहीत होता, असं मी शेवटी सांगितलं. त्यानंतर दुपारपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.

दुपारी ती तात्यांसमोर बसली. मी दुभाषी. आपण सुलभाबाईंच्या सोबत शिकवतो, दोघी मिळून, असं तिने सुचवलं. तात्या कष्टी होऊन म्हणाले की फुकट बाई असताना पगारी बाईसाठी मुंबईकर वर्गणी कशी देतील? ते पैसे कौलांना लागतील, पावसात दोन वर्ग भिजतात. माणूस वाईट नव्हता. आयुष्यभर शाळेसाठी चपला झिजवल्या होत्या त्याने. नोरा म्हणाली, मग मी जाते. तात्यांनी मान हलवली. गावाने देवीसमोर शब्द ऐकलाय. आता गेलात तर सुलभाला गावात कोण उभं करील? तिच्यामुळे बाई गेली म्हणतील.

तेव्हा नोराने एकच प्रश्न विचारला, आणि तो तिने माझ्याशिवाय, तिच्या मोडक्या मराठीत विचारला. "दोन वर्षानंतर मी जाणार. मग कोण शिकवणार?"

तात्या म्हणाले, शब्द जिथे दिलात तिथेच परत घ्यावा लागेल. उद्या सकाळी गाऱ्हाणं घालू. पण गावाने होकार दिला तरच.

शनिवारी सात वाजता आम्ही पिशव्या घेऊनच देवळात गेलो. नऊच्या आत सड्यावर लागलो नाही तर पावसची गाडी चुकणार होती आणि बाराची तारही. मानकऱ्यांपैकी एकजण मळणीवर गेला होता. त्याच्याशिवाय सुरुवात करता येईना. त्याला बोलवायला माणूस गेला, तो येईपर्यंत साडेआठ झाले. नोरा खांबाला टेकून उभी होती, घड्याळाकडे बघत नव्हती. मीच दर मिनिटाला बघत होते.

गुरव या वेळी सावकाश बोलला. "बा देवी महाराजा, ह्या लेकीनं तुज्यासमोर सबूद दिला. अजानतेपनी दिला. त्यापायी दुसऱ्या लेकीचा घास जातो हाय. तो सबूद ती माघारी घेते, चूकभूल पदरात घे."

कोणीच काही बोललं नाही. देवळात पन्नासेक माणसं असतील. अजाणतेपणी हा शब्द माझ्यासाठी खोटा होता आणि मी मान खाली घातली. मानकरी एकमेकांकडे बघत होते. गुरवाने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. पुन्हा शांतता. आता हा शब्द मोडत नाही, असं माझ्या मनात पक्कं झालं. आणि मग तात्यांचा आवाज आला, अगदी हळू: "होय महाराजा." त्यांच्यामागून एक, मग दुसरा, मग सगळे.

बाहेर आवारात सुलभाताई उभ्या होत्या. तात्या म्हणाले, सोमवारपासून या. त्या म्हणाल्या, "येते. पण या वेळी ऑर्डर लिहून द्या, तात्या. सहीशिक्क्याची." सगळ्यांसमोर म्हणाल्या. तात्यांनी तिथेच मान डोलावली.

सड्यावरून आम्ही अक्षरशः पळत गेलो. गाडी मिळाली. रत्नागिरीच्या तार ऑफिसात पोचलो तेव्हा बाराला दहा कमी होते. नोराने मस्कतला होकाराची तार केली, पावती नीट घडी करून ठेवली आणि बाकावर बसून म्हणाली, मला पगार हवाच होता. सुटल्यासारखं वाटतंय आणि त्याचीच लाज वाटते. मी तिची माफी मागितली. तिने ती लगेच स्वीकारली नाही. रविवारी परतीच्या एसटीत, पाटणच्या पुढे, तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोप काढली. तेवढं मला पुरलं.

पावसला तुम्हीही जा. आता रस्ता चांगला आहे, पुण्याहून सात-आठ तास पुरतात. आंबा हवा असेल तर मे महिन्यात, माणसं हवी असतील तर भात कापून झाल्यावर. मात्र कुणासाठी फुकट काही करायला जाणार असाल, तर ते काम आज कोण करतंय ते आधी विचारा. मला हे पुस्तकातून कळलं नव्हतं.

इथेच थांबणार होते, पण एक राहिलं आहे. पुढच्या वर्षी जूनमध्ये, दहावीच्या निकालानंतर, सुलभाताईंचं पत्र आलं. ऑर्डर मिळाली होती, घर चाललं होतं. बावीसपैकी नऊ मुलं इंग्रजीत नापास झाली होती. त्यांनी लिहिलं होतं, "नोराबाई असत्या तर यातली चार-पाच वाचली असती, असं मला रोज वाटतं. त्यांना माझा राग नाही ना, एवढं विचारा. त्यांच्या आवाजात पुढच्या वर्षाचे धडे कॅसेटवर मिळाले तर मी पोरांना रोज ऐकवीन."

नोरा तेव्हा मस्कतमध्ये नुकती रमली होती. हे वाचून ती कोसळेल असं मला वाटलं. मी पत्र कपाटात ठेवलं, महिनाभराने पाठवू म्हणून. मग महिने गेले, मग लाज वाटू लागली, आणि सुलभाताईंना मी उत्तरही दिलं नाही. तिच्या वतीने मी दुसऱ्यांदा ठरवलं होतं. त्या मुलांना कॅसेट कधी मिळाली नाही.

नोरा आता सत्तरीच्या पुढे आहे, डब्लिनजवळ राहते, आणि तिला अजून मराठी वाचता येतं. नोरा, हे पत्र तुझं होतं.