बर्फात खुपसलेलं औषध

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे वणीहून तिचं इन्सुलिन आणणं. इतकी वर्षं झाली, तरी कुठं बर्फ फोडताना ऐकलं की माझा जीव जाग्यावर राहत नाही.

बसमध्ये मी बाटली थर्मासातल्या बर्फात खुपसली.

"बर्फाले लावू नका, नर्सबाईनं सांगतलं होतं," ती म्हणाली.

"जेवढं थंड तेवढं चांगलं. मले नको शिकवू."

"मंग तुमचं डोस्कंबी ठेवा त्यात," म्हणून ती हसली.

घरी येईस्तोवर औषध गोठलं होतं. उन्हात पातळ करून मीच तिला चार दिवस टोचलं. साखर वाढून ती बेशुद्ध पडली. गोठलेल्या औषधात दम राहत नाही, हे तिला दवाखान्यात नेल्यावर कळलं. तिथंच ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नर्सबाईकडे गेलो. म्हटलं, "औषध गोठलं तं फेकून द्या, असं सगळ्यायले सांगा. माझं नाव घेऊन सांगा."